शेंदूर काळा पडला तेव्हा

साहेबांचं 'चकाचक' आठवलं की आजही शिसारी येते मला.

मी लातूरची, नोकरी नांदेडच्या एका संग्रहालयात. काम लेझरनं वस्तू साफ करायचं. जोर बेताचा ठेवला की वरचा मळ तेवढा उडतो, दगडाला धक्का लागत नाही. लोह्याकडच्या एका खेड्यातली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची कोरीव शिळा, आमच्याकडं आली. रस्ता रुंद व्हायचा होता, म्हणून गावानं दिली. पोरांनी तिला कधीतरी निळा ऑइलपेंट फासला होता. खाली पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर, एकावर एक थर. सोबत आलेले गुरवबाबा म्हणाले, "ताई, निळं काढा. पण शेंदराला हात लावायचा न्हाई. आमच्या बापजाद्यांच्या हातचा हाय त्यो." मी शब्द दिला.

कोपऱ्यात एक ठिपका मारून बघितला. निळं उडालं, आणि खालचा शेंदूर डोळ्यांदेखत काळाठिक्कर पडला. लेझरनं शेंदूर करपतो, हे पुस्तकात वाचलं होतं. साहेबांना सांगितलं, "इथं मशीन नको. कापसाच्या बोळ्यानं हळूहळू काढते, चार दिवस द्या."

साहेबांना कुठले चार दिवस! उद्या मंत्री फीत कापणार. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. तोंडात गुटखा, बोट थेट वीराच्या तोंडावर टेकवलेलं. "अहो, काळं तर काळं! दगड काळाच असतो की. चकाचक पायजे मला." शी! गुटख्यानं ओलं झालेलं ते बोट!

आणि मी? नाकानं कांदे सोलणारी मी? नोकरीला भ्याले, चष्मा चढवला अन् लेझरचं पेडल दाबलं. करपलेल्या शेंदराचा वास केसांत बसला. घरी दोनदा न्हाले, तरी माझीच मला किळस येत होती.

दुसऱ्या दिवशी फीत कापून झाली, टाळ्या झाल्या. गुरवबाबा गर्दीतून पुढं आले. वीराचं काळं तोंड बघत उभे राहिले. मग पिशवीतून शेंदराची पुडी काढली, शेंदूर तेलात कालवला आणि हात पुढं केला. साहेबांनी डोळे वटारले, तसं मी झटकन बाबांचं मनगट धरलं.

"बाबा, इथल्या वस्तूंना हात लावता येत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मंग तुमी कसा लावला, ताई?"