आम्ही दोन तास अरेस्ट होतो

आमच्या घरी एका रविवारी दुपारी पोलीस आले आणि त्यांना मीच बोलावलं होतं, फक्त ते मला ठाऊक नव्हतं.

मी सोलापूरच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. आयुष्यभर मुलांना समानार्थी शब्द घोकायला लावले आणि वर बजावलं की, अर्थ एक असला तरी शब्द कुठंही चिकटवायचा नसतो. पाणी म्हणजे जल, पण पाणीपुरीला कोणी जलपुरी म्हणत नाही. मुलं हसायची. हे त्यांना कळलं, मला नाही, हे पुढच्या प्रकारावरून तुम्हाला दिसेलच.

त्या सकाळी जुळे सोलापूर भागातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं व्हिडिओ कॉलवर एक भाषण ठेवलं होतं. वक्ते एक पोलीस अधिकारी, विषय फोनवरची फसवणूक. भामटे पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करतात, ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, खुर्चीवरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही,’ असं धमकावतात आणि माणसं घाबरून तासन्‌तास घरात बसून राहतात. साहेब बोलले मात्र असे की आम्ही दोघंही दोन तास जागचे हललो नाही. हिचा कुकर शिट्ट्या मारून दमला.

एवढं चांगलं ऐकल्यावर माझ्यानं गप्प बसवेना. पुण्याला असणाऱ्या आमच्या मुलीचा, केतकीचा साखरपुडा नुकताच झालेला. सासर नवी पेठेतल्या साडीच्या दुकानाचं. व्याही शरणप्पा कानडी घरातले, बोलतात मराठी, पण दोन्ही घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्याकडची पोरंटोरं सगळं इंग्रजीतच लिहितात. मी त्यावर आजवर फक्त ‘नाइस’ लिहीत आलो होतो. (‘बाबा, मयताच्या बातमीवरही नाइस टाकलंत,’ असं केतकी एकदा म्हणाली होती. तो अंगठ्याचा दोष.)

“आज जरा भारदस्त लिहितो,” मी हिला म्हणालो.

“मराठीत लिहा की,” मंदा म्हणाली. “तुम्हाला येतं ते.”

मी तिकडे दुर्लक्ष केलं आणि फोनमधल्या शब्दकोशात ‘खिळवून ठेवणे’ शोधलं. रांगच लागली. एंगेज, ग्रिप, होल्ड, कॅप्टिवेट, अरेस्ट. एंगेज नको, लोकांना वाटेल या वयात माझाही साखरपुडा झाला. ग्रिप स्कूटरच्या हँडलला असते. कॅप्टिवेटचं स्पेलिंग मला पाहूनही लिहिता येईना. अरेस्टपुढे मात्र एक नमुना होता : तिच्या सौंदर्यानं सगळ्यांना अरेस्ट केलं. वा, हाच शब्द. शिवाय होल्ड वाया जाऊ नये म्हणून तोही शेवटी घातला.

मेसेज असा गेला : ‘पोलीस ऑफिसर अरेस्टेड अस ऑन व्हिडिओ कॉल फॉर टू अवर्स. वुई कुड नॉट लीव्ह द चेअर. वाइफ फरगॉट कुकर. वुई आर स्टिल इन हिज होल्ड.’

पाठवला, दोनदा वाचला, समाधान वाटलं. अनोळखी नंबर उचलायचे नाहीत असं साहेबांनी सांगितलं होतं, म्हणून दोघांचेही फोन मुके करून ठेवले. सुरक्षिततेची सुरुवात आपल्यापासून. मग जेवून आडवा झालो.

जाग आली ती दार बडवण्यानं. भोकातून पाहिलं तर खाकी गणवेश. साहेबांचं वाक्यन्‌वाक्य मला पाठ होतं.

“कुठल्या ठाण्याचे?” मी आतूनच विचारलं. “ओळखपत्र भोकासमोर धरा.”

बाहेरून ओळखीचा आवाज आला, “बघा साहेब, दार पण उघडू देईना झालाय त्यांना. सर, घाबरू नका. मी शरणप्पा हाय.”

व्याही म्हटल्यावर मी दार उघडलं. शरणप्पा मला बाजूला सारून आत शिरले, टीपॉयवरचा माझा फोन उचलला आणि थेट बंद करून खिशात टाकला. त्यांच्या मागोमाग त्यांच्या दुकानाशेजारचे सलीमभाई टेलर. गळ्यात मापाची टेप तशीच. ते पडद्यामागे वाकून बघायला लागले.

“कुठं हाय तो?” शरणप्पा म्हणाले.

“कोण?”

“ज्यानं तुमाला धरून ठेवलंय तो.”

“अहो, आम्हाला कोणी धरलेलं नाही. आम्ही मजेत आहोत.”

हवालदारानं माझ्याकडे फार करुणेनं पाहिलं. “असंच म्हणायला लावतात,” तो शरणप्पांना म्हणाला.

मी नाही म्हणेन तितकी माझी केस बिघडत चालली. घाम पुसला, तर सलीमभाई म्हणाले, “देखो, कैसे घाबरे हैं बेचारे.” मंदा डोळे चोळत बाहेर आली आणि म्हणाली, “ह्यांनी भाषणाचं कौतुक केलंय हो.”

“वहिनी, तुमी पण?” शरणप्पांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात त्यांच्या फोनवर केतकी. पुण्याच्या बस स्टँडवरून, रडत. “बाबा, त्यांना काय काय सांगितलंत?”

“काही नाही गं. ते बोलत होते, आम्ही ऐकत होतो.”

ती आणखीच रडायला लागली.

शेवटी मंदानंच तिच्या फोनमधली मंडळाची सूचना काढून हवालदारापुढे धरली. त्यानं वाचली. पुन्हा वाचली. “हे तर आमचेच साहेब,” तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अरेस्टचा दुसरा अर्थ समजावून सांगितला. नमुन्याच्या वाक्यासकट. इतका शांत वर्ग मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

शरणप्पा सोफ्यावर बसले. “गिऱ्हाईक साड्या उलगडून बसलं होतं,” ते हळूच म्हणाले. “लग्नाचा बस्ता. तसंच सोडून आलो. वाटेत नुसतं मनात, सरांना काही झालं तर पोरीला काय सांगू.”

मंदाच्या मुक्या फोनवर त्या माणसाचे चौदा मिस्ड कॉल पडले होते. मग सलीमभाईंना हसू फुटलं, हवालदारानं टोपी तोंडावर धरली आणि शरणप्पा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मंदानं भाकरी टाकल्या, शेंगाची चटणी आणि दही काढलं. ‘ड्यूटीवर आहे’ म्हणत हवालदारही दोन भाकरी जेवला. खरं कळल्यावर केतकीनं सोलापूरची बस सोडून दिली. इतकं हसरं जेवण आमच्या घरात साखरपुड्यालाही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष आले. दारात पोलीस आल्याचं सगळ्या कॉलनीनं पाहिलं होतं आणि आदल्या दिवशीच्या भाषणाशी त्याचा मेळही घातला होता.

“पुढच्या रविवारी तुमचं भाषण,” ते म्हणाले. “विषय, मी डिजिटल अरेस्टमधून कसा सुटलो.”

मी त्यांना खरं काय ते पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “लाजायचं नाही सर. भल्याभल्यांना फसवतात.”

मी विचार केला. एका भामट्यानं फसवलं म्हटलं तर लोक हळहळतात. मराठीच्या मास्तराला शब्दकोशानं फसवलं म्हटलं तर? मी होकार दिला. मुद्दे काढून झालेत. भामट्याला मिश्या ठेवाव्यात की नाही, एवढंच अजून ठरत नाही.