आईचा उजवा पाय

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर आईचा उजवा पाय जंतुनाशक साबणाने धुऊ लागली. गुडघ्यापासून गोल गोल फेस पसरवत ती बोटांच्या बेचक्यांपर्यंत आली, तसा आईने पाय आखडून घेतला.

"अगं, पायाला हात नको लावूस!"

"मावशी, जंतू राहिले तर नवा गुडघा टिकायचा नाही," सिस्टर हसत म्हणाली.

आईने पाय सैल सोडला. आम्हा तिघा भावंडांना घासूनपुसून वाढवणाऱ्या या बाईचे पाय याआधी कुणी धुतले होते? मला आठवेना. ती मात्र लग्नघरात बसल्यासारखी खुलली होती.

चौथ्या दिवशी वॉकर धरून ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "बघत काय बसलीस? ये की इकडे!"

मी धावतच सुटले.