नांदुऱ्याची गाडी

मलकापूरच्या अग्निशमन केंद्रात मी फोन घेते. नोकरी नगरपरिषदेची. गाडीवर मी कधी जात नाही. आग लागली की सगळे धावतात आणि मी टेबलाशी बसून राहते.

त्या दुपारी आमची गाडी हायवेवर उलटलेल्या ट्रककडे गेली होती. मी डबा उघडला तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, पुढच्या खोलीतल्या कापसाले आग लागली."

"कुठून बोलून राह्यल्या?"

"घरून."

आवाज कोवळा होता. लग्न होऊन पंधराच दिवस झालेले, बाकी सगळे वेचणीला गेलेले. तिला गावाचं नाव सांगता आलं, रस्ता काही सांगता येईना.

"घरात कोन हाये?"

"मीच. अन् दोन शेळ्या."

"शेळ्या सोड अन् बाहेर ये. पुन्हा आत जाऊ नको. एसटी कुठं थांबते?"

"घरासमोरच, देवळापाशी."

"बाहेर दोरीवर लाल साडी असली तर घे अन् तिथं उभी राय. गाडीवाल्याले दिसली पायजे."

"लाल तर लग्नाचीच हाये."

"तेच घे."

लोकांना वाटतं, पोलिसांसारखं आगीचंही एकच खातं असेल. आमच्याकडे ज्या त्या नगरपरिषदेची आपापली गाडी असते. खेड्यांना बहुधा नसतेच. हद्दीबाहेर जायचं तर साहेबांना विचारावं लागतं, आणि आपली गाडी गुंतलेली असली तर शेजारच्या गावाकडे मागायची. मी एका कानाला तिला धरलं आणि मोबाइलवरून नांदुऱ्याला फोन लावला. तिथले दादा म्हणाले, "साहेबाले विचारतो." मला ते अर्धं मिनिट फार मोठं वाटलं. मग ते म्हणाले, "निघाली."

तिकडे शेजारी जमले होते. आपापल्या बोअरचं पाणी मारायला निघालेले. मी तिला ओरडून सांगितलं, आधी घरचा मेन स्विच बंद करायला सांग. तो मीटरपाशी, बाहेरच होता. कुणीतरी केला. बऱ्याच वेळानं फोनमधून सायरन ऐकू आला आणि ती रडायला लागली. मी वहीत वेळ टिपली आणि ऐकत राहिले.

घर वाचलं. कापूसही निम्मा वाचला.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूचा फोन आला. "तुमी गाडीसंगं काऊन नाई आल्या?"

"ते गाडी नांदुऱ्याची होती मावशी. मी मलकापुरात बसते."

त्यांना ते काही पटलं नाही. "कुठची का असंना," त्या म्हणाल्या. "रविवारी जेवाले या."

मी नवऱ्याला घेऊन गेले. पुढच्या खोलीला नवा चुना दिलेला होता, तरी जळका वास येतच होता. सुनेनं वांग्याचं भरीत केलं होतं, चांगलं झणझणीत. सासू तिच्याकडे बघून म्हणाली, "साडीले चिखल लागला, पन हिनं सोडली नाई." सून लाजून चुलीकडे वळली. मी तिसरी भाकरी मागून घेतली.