चार लाडू आणि तंबूतला कप्तान

माझ्या नातीचं, मुग्धाचं, लग्न मी चार लाडवांत मोडत आणलं होतं.

मुलाकडचे सगळे राजी होते. अडलं होतं त्याच्या आजीपाशी. सुमतीबाई, सदाशिव पेठ. (पेठ सांगितली की स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही.)

"पोह्यांवरून माणसं कळत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग मुग्धाला घेऊन आपण सिनेमाला जाऊ," मी म्हटलं.

सिनेमा मीच निवडला. शाळा चौथीपर्यंत, पण पोस्टर कळतं. घोडा, तलवार, डोंगर, खाली 'ऐतिहासिक'. आमच्याकडे ऐतिहासिक म्हणजे सगळं घर बिनधास्त न्यायचं. चपला काढून बसायचं तेवढं बाकी!

इथे लढाई निघाली सरहद्दीवरची. गोरा कप्तान पठाणांवर चालून गेला आणि दहाव्या मिनिटाला पठाणाच्याच मुलीच्या गळ्यात पडला!

मी शालीत लपवून आणलेला डबा सुमतीबाईंच्या नाकासमोर उघडला. "लाडू घ्या!"

त्यांनी डब्यात पाहिलं. तेवढ्यात पडद्यावरची मिठी सुटली. मग नदीकाठी दुसरी मिठी, दुसरा लाडू.

"अहो, मला गोड चालत नाही."

"मग नुसता हातात धरा!"

चौथ्या मिठीला त्यांचे दोन्ही हात आणि मांडी भरली. डबा रिकामा झाला. नेमका तेव्हाच कप्तान तिला घेऊन तंबूत शिरला आणि कोटाची गुंडी काढू लागला.

"माझी कवळी पडली! शोधा!" मी ओरडले.

सुमतीबाई वाकल्या. लाडू घरंगळले. मुग्धानं मोबाइलचा दिवा लावला. मागून कुणीतरी खेकसलं, "आजी, बसा की खाली!" आम्ही वर आलो तोवर कप्तान लढाईत मेला होता.

बाहेर आल्यावर सुमतीबाई म्हणाल्या, "कवळी तुमच्या तोंडातच आहे."

"हो."

"हा सिनेमा मी मागच्याच आठवड्यात पाहिला. तंबूच्या वेळी नेमकं बाथरूमला जावं लागलं. आज तेवढ्यासाठी आले होते."

मुग्धाचा चेहरा पडला. मी शालीत तोंड घातलं.

"मुलगी पसंत आहे," त्या पुढे म्हणाल्या. "अंधारात लाडू गोळा करताना एकदाही हसली नाही. आता तिसऱ्यांदा तीच मला आणेल. तुम्ही मात्र घरी थांबा."

दोघी जाऊन आल्या. मी मुग्धाला हळूच विचारलं, "काय होतं गं तंबूत?"

"काही नाही, आजी. गुंडी काढतो आणि दिवा विझवतो. मग थेट सकाळ."

एका विझत्या दिव्यापायी मी साजूक तुपाचे चार लाडू, धडधाकट कवळी आणि नातीचं लग्न पणाला लावलं होतं!