सकाळची शाळा आणि संध्याकाळचा क्लास

बदलापुरातील पशुवैद्याने माझे नाव सांगितले नसते, तर मी ती घोडी पाहिली नसती. बरे झाले असते.

मी आयुष्यभर घोडे शिकवले. आधी सैन्यात, नंतर एका अश्वारोहण शाळेत. निवृत्तीनंतर बेलवलीला मुलाकडे राहायला आलो. इमारतीतील मंडळी मला शाळामास्तर समजतात. हा समज मी कधी दूर केला नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पालेगावचा एक गृहस्थ गाडी घेऊन दारात आला. घराणे तेथले जुने शेतकरी. शेतांवर आता इमारती आहेत. शर्यतीच्या बैलांमुळे त्याला पंचक्रोशीत ओळखत. त्याने चार वर्षांची एक घोडी विकत घेतली होती. तिची आई आणि आजी अडथळ्यांवरून उड्या घेण्याच्या स्पर्धांत नावाजलेल्या. उन्हाळ्यात मुलाचे लग्न होते आणि वरात याच घोडीवरून काढायची होती.

“भाड्याच्या घोडीवर कुणीपण बसतं, काका,” तो म्हणाला. “आपली खानदानी आहे. आई उड्या मारायची, आजी उड्या मारायची, कागद आहे माझ्याकडं. हिच्या रक्तातच सगळं आहे. तुम्ही फक्त चालू करून द्या.”

विहिरीवरच्या पंपाबद्दल बोलावे तसा तो बोलत होता.

मी जाऊन पाहिले. गोठ्याच्या एका टोकाला शर्यतीचे दोन बैल, दुसऱ्या टोकाला ही. तिच्यापुढे बैलांचाच खुराक ठेवलेला होता: अंडी, तूप, उडदाचे पीठ. तिने त्याला तोंड लावले नव्हते. घमेल्यावर माश्या बसल्या होत्या आणि अंड्यांचा वास सुटला होता. मालकाचे चार-पाच मित्र खुर्च्या टाकून घोडीकडे पाहत बसले होते. वंशावळीचा कागद चौकटीत घालून भिंतीवर टांगला होता आणि त्याला झेंडूची माळ घातली होती.

“उडी रक्तात नसते,” मी म्हणालो. “ती शिकवावी लागते.”

“असं कसं, काका? बाप नंबरात पळाला की गोऱ्हा नंबरात पळतोच.”

मालकाचा मुलगा, म्हणजे नवरदेव, बाजूला खाटेवर मोबाइल पाहत लोळत होता. त्या वेळी सकाळचे अकरा वाजून गेले होते. मी त्याच्याकडे पाहिले.

“हा नियम सगळीकडे लागू आहे का?”

“शेठ, काका डायरेक्ट घरात घुसले!” एक मित्र ओरडला. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मालक हसला. तो स्वभावाने वाईट माणूस नव्हता, हे येथेच लिहून ठेवतो.

मी काम स्वीकारले. मोबदला म्हणून एकच गोष्ट मागितली. माझा एक जुना विद्यार्थी आता त्याच अश्वारोहण शाळेत मुख्य शिक्षक आहे आणि त्याला चांगल्या वंशाची तरुण घोडी हवी होती. लग्न झाले की घोडी तिकडे जावी, एवढी माझी अट होती. विद्यार्थी एका रविवारी येऊन तिला पाहून गेला. “सर, हिला कुणाला देऊ नका,” तो जाताना म्हणाला.

मालकाने माझ्या हातावर हात ठेवला. “लग्न झालं की पोरगी तुमची. शब्द.”

मग रोज सकाळी मी रिक्षाने पालेगावला जाऊ लागलो.

उत्तम वंशाच्या घोड्याविषयी लोकांच्या मनात दोन कल्पना असतात. एक, तो तापट असतो. दुसरी, तो उपजतच सर्व जाणतो. दोन्ही चुकीच्या आहेत. त्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेली गोष्ट एकच असते: लक्ष. साधा घोडा दहा वेळा सांगितल्यावर शिकतो आणि मधल्या नऊ चुका विसरतो. ही घोडी एकदा सांगितलेले ठेवून घेई. खांद्याला बोट लावले की बाजूला सरायचे, हे ती पहिल्याच सकाळी शिकली. दुसऱ्या सकाळी बोट लागण्याआधी, माझा हात उचललेला पाहून सरली. चुकली की थांबे, कान माझ्याकडे वळवी आणि पुन्हा विचारी. असे विचारणारा घोडा मला उभ्या आयुष्यात मोजक्या वेळा भेटला.

वरातीचा गलका तिला सोसावा, म्हणून मी आवाजाचीही सवय लावत होतो. प्रथम दूरवर डबा वाजवायचा. तिने पाहिले, कान वळवले, मान खाली घेतली की थांबायचे. दुसऱ्या दिवशी थोडे जवळ. या क्रमाने ती उन्हाळ्यापर्यंत तयार झाली असती. मला शंका नव्हती.

मालकाची आई दाराशी भाजी निवडत हे पाहत असे. म्हातारी फटकळ होती.

“मास्तर, तुमी तिला शिकवताव का तीच तुमाना शिकवते?”

“दोन्ही.”

“मंग माज्या नातवाला पन बांधा तितं. त्यो कवापासून कोराच हाय.”

मालकाला मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. या घोडीला चांगले जितक्या लवकर शिकवता येते, तितक्याच लवकर वाईटही शिकवता येते; भीतीसुद्धा ती एकदाच शिकेल. तो मान हलवी. “बरोबर, काका,” म्हणे आणि फोन घेई.

होळीनंतर काही दिवसांनी घोडी बदलली. मी आत शिरलो तेव्हा तिने मान वळवली नाही. मानेखाली दोर घासल्याचा लाल पट्टा होता. छातीवर आणि मांड्यांवर वाळलेल्या घामाचे पांढरे मीठ दिसत होते. सकाळच्या थंडीत उभ्या असलेल्या घोड्याला घाम येत नाही. गड्याला विचारले. तो खरारा शोधायला म्हणून जो बाहेर गेला, तो परत आला नाही.

म्हातारीने सांगितले. “सांजच्याला तो उल्हासनगरवाला येतो. मोठ्या पेट्या लावतान दोनी बाजूंना. पत्रं थरथरतान, मास्तर. माज्या काळजात धरधर व्हते. बैलांना पार मागच्या वारीत नेऊन बांदलान.”

बैलांना मागच्या वाडीत लांब बांधण्याइतकी अक्कल होती, तर.

त्या संध्याकाळी मी थांबलो. उल्हासनगरचा तो माणूस लग्नांना घोड्या पुरवत असे. त्या व्यवसायात त्याची चलती होती. फोनवर सिंधी गिऱ्हाइकांना ‘साईं, साईं’ म्हणत तो आला आणि घोडीला दोन खांबांमध्ये आखूड बांधू लागला. तिच्या दोन्ही कानांपासून हातभर अंतरावर माणसाच्या उंचीच्या आवाजाच्या पेट्या उभ्या होत्या. पुढ्यात दाण्यांची चंदी ठेवली होती. तोंड पोचणार नाही, पण वास येईल, अशा बेताने.

“साहेब, पहिलं हिचं दिमाग फोडायचं,” तो मला समजावू लागला. “मग बघा, मख्खन. डोक्यावर फटाके लावा, हलणार नाही. आपल्या सगळ्या घोड्या अशाच तयार केल्यात.”

“सोडा तिला.”

“काय?”

“तिला सोडा.”

त्याने मालकाकडे पाहिले. मालक माझ्या खांद्यावर हात टाकून मला गोठ्याबाहेर घेऊन आला. तो खरोखर गोंधळलेला होता.

“काका, रागवू नका. तुमचं सकाळी चालूच आहे ना? ते बेस्टच आहे. पण आजकाल एकट्या शाळेवर कोण पास होतं? माझी दोन्ही पोरं शाळेत पण जायची आणि क्लासला पण जायची. तुम्ही शाळा. हा क्लास. लग्नाच्या दिवशी एक्झाम.”

“तुमची मुले पास झाली का?”

तो हसला. “मोठी पास झाली. हा राहिला.”

मी त्याला सांगितले की घोडा म्हणजे शाळकरी मुलगा नव्हे. सकाळी ज्याने विचारायला शिकायचे, त्याला संध्याकाळी विचारण्याची शिक्षा देऊ नये. असा घोडा शांत होत नाही. तो विचारणे सोडून देतो. हे मी तीन प्रकारे सांगितले. तो ऐकत होता आणि त्याला कळत नव्हते. शेवटी म्हणालो, “पेट्या किंवा मी.”

“काका, लग्न तोंडावर आलंय. पाहुणे काय म्हणतील? घोडी बिथरली, पोरगा पडला तर?”

मुलाच्या पडण्याची भीती खरी होती. ती मी नाकारत नाही. परंतु आत पेट्या सुरू झाल्या, पत्रे वाजू लागले, आणि त्या आवाजातून खुरांचा धडपडल्यासारखा आवाज आला. खुर्च्यांवरील मंडळी मोबाइल उंच धरून उभी राहिली. एकाने शिट्टी घातली. मी पायी मुख्य रस्त्यापर्यंत आलो आणि पुन्हा गेलो नाही.

लग्नाचे आमंत्रण घेऊन मालक स्वतः घरी आला. मी गेलो, कारण घोडीचे काय झाले ते मला पाहायचे होते.

वरात दोन तास चालली. पुढे ट्रकवर पेट्यांची भिंत होती. रंगीत धूर, कागदाचे तुकडे उडवणारी यंत्रे, फटाक्यांच्या माळा, घामाने थबथबलेले नाचणारे देह. घोडीच्या अंगावर आरशांची झूल होती आणि डोक्यावर तुरा. नवरदेव तिच्या पाठीवर बसून दोन्ही हातांनी नाचत होता. लगाम सुटून मानेवर पडला होता. कोणीतरी तिच्या पोटाखालून भुईचक्र सोडले. तिचा कान हलला नाही. डोळे उघडे होते आणि त्यांत कोणाकडेही पाहणे नव्हते.

मंडळी खूश होती. “काय घोडी आहे! पुतळा!” अपरिचित लोक येऊन माझा हात दाबत होते. “काका, तुमचीच मेहनत.” मंचावरून माझा पुकारा झाला, शाल आणि नारळ तयार होते. मी जागेवरून उठलो नाही. नवरदेवाच्या एका काकांनी आग्रह केला, तेव्हा म्हणालो, “तो मान क्लासवाल्यांचा आहे.” त्यांना तो विनय वाटला.

दोन दिवसांनी मालकाचा फोन आला.

“काका, शब्द दिला होता. पोरगी तुमची. गाडी कधी पाठवू?”

तो शब्द मोडेल, असे मी धरून चाललो होतो. तो मोडता, तर मला सोपे गेले असते.

मी पालेगावला गेलो आणि तासभर घोडीजवळ थांबलो. तिला खुणा दिल्या, वाट पाहिली. ढकलले तर ती सरे. ओढले तर चाले. सांगितले तर काहीच करत नसे. लंगडी नव्हती, आजारी नव्हती. त्वचा तुकतुकीत होती.

तेथूनच विद्यार्थ्याला फोन करून सर्व सांगितले.

“सर, माझ्या जागी तुम्ही असता तर घेतली असती?”

त्याच्याकडे अठरा घोडे आहेत आणि बिनकामाच्या एकोणिसाव्याला पोसण्याइतका चारा नाही, हे मला ठाऊक होते. अडथळ्यासमोर स्वार चुकला, तर घोड्याने स्वतः विचार करायचा असतो. ज्याने विचार सोडला आहे, त्याच्या पाठीवर मी कोणाचे मूल बसवले नसते.

“नाही,” मी म्हणालो.

मालक गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याला म्हणालो, “गाडी पाठवू नका. ती तिथे उपयोगाची नाही.”

“फेल?” त्याने विचारले.

“हो.”

त्याला क्षणभर वाईट वाटले, ते चेहऱ्यावर दिसले. मग चेहरा उजळला. “मग आमच्याकडंच राहील, काका! टेन्शन नाही. तो उल्हासनगरवाला पूर्ण सीझन मागतोय हिला. आजच संध्याकाळी एक वरात आहे, तिकडच्या कॅम्पातली.”

म्हाताऱ्या आईने मला चहासाठी थांबायला सांगितले. मी नको म्हणालो. अंगणात टेम्पो उभा होता. गडी घोडीला फळीवरून वर चढवत होता, आणि त्याने दोर ओढताच ती चढली.