तागा क्रमांक अकरा

नाव: दत्ताराम विठोबा घाग. वय: एकावन्न. राहणार: करी रोड, चाळ क्रमांक तीन, दुसरा मजला. शिक्षण: इयत्ता चौथी. हुद्दा: यंत्रमाग चालक, अर्धकुशल, हंगामी. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यास व तर्जनीस घट्टे. वर्तणूक: समाधानकारक. सदर इसमास राष्ट्रीय महत्त्वाच्या कामी नेमण्यास हरकत नाही.

हा मजकूर दत्तारामच्या प्रवेशपत्रावर होता. प्रवेश रे रोडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मिळे. तिथे रॉकेटचं कापड विणत.

रॉकेटला कापड लागतं हे आमच्या चाळीत कुणाला पटेना. शेजारच्या कुशाबाने तर रॉकेटला सदरा घालतात की बंडी, अशी चौकशी केली. दत्तारामने शांतपणे सांगितलं, की रॉकेटच्या खालच्या तोंडातून आग सुटते, त्या तोंडाला आतून कापडाचे थर देतात. रेयॉनचं जाड कापड, भट्टीत भाजून काळं केलेलं, राळेत भिजवून घट्ट बसवलेलं. ते जळत राहतं तोवर मागचा धातू वितळत नाही. जळायचंच आहे तर इतकं नीट कशाला विणायचं, हा कुशाबाचा पुढचा प्रश्न.

दत्ताराम बावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात होता. चार साचे, म्हणजे माग, एकट्याने चालवायचा. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि गिरणीने त्याला परत घेतलं नाही. पुढची नऊ वर्षं त्याने भायखळ्याच्या बाजारात पाट्या उचलल्या, दादरला लग्नाच्या हॉलवर खुर्च्या मांडल्या. एक्याण्णवला या शेडमध्ये पुन्हा मागापुढे उभा राहिला, तोही हंगामी. अट एकच होती. ओळीने बारा तागे निर्दोष उतरले की कायम. गिरणीतही तो कायमच होता आणि त्या कायमचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. तरीही त्याला कायम व्हायचं होतं.

निर्दोष म्हणजे काय, ते अंतराळ खात्याचे तपासनीस वसंतराव ठरवत. दादरचे, मोजकं बोलणारे, खिशात दहापट दाखवणारं भिंग. त्यांचा नियम असा: धागा तुटला की माग बंद करायचा, लाल दोऱ्याची खूण करायची, नोंद करायची आणि तेवढा तुकडा कापून टाकायचा. गाठ मारायची नाही. गाठीपाशी कापड भट्टीत सारखं भाजत नाही.

गिरणीचा नियम नेमका उलटा. साचा थांबला की त्या दिवसाची कमाई थांबली. तिथे धागा तुटला हे डोक्याला कळायच्या आत बोटं गाठ मारून, टोकं तोडून, ती गाठ आडव्या धाग्याखाली दडवून मोकळी होत. त्र्याण्णवच्या एप्रिलात, अकराव्या ताग्यावर, दत्तारामच्या बोटांनी तेच केलं. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या गाठीनंतर त्याच्या लक्षात आलं तेव्हा कापड हातभर पुढे गेलं होतं. वसंतरावांनी भिंग फिरवून ‘दोष: निरंक’ लिहिलं. दत्तारामने तागा गुंडाळून कपाटात ठेवला. कायम व्हायला एकच तागा उरला होता.

सप्टेंबरात, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी रॉकेट सुटणार होतं. हंगामी माणसाला दोनच दिवस सुट्टी, म्हणून दत्तारामचं गाव राहिलं होतं. अर्धा मजला कुशाबाच्या टीव्हीपुढे जमला. रॉकेट छान गेलं आणि मग बंगालच्या उपसागरात पडलं. कुशाबा म्हणाला, दीड दिवसाचं विसर्जन आटपलं. एवढ्या कोटींत किती गिरण्या चालल्या असत्या याचा हिशेब मजल्यावर सुरू झाला आणि आरतीपर्यंत टिकला.

दत्ताराम जेवला नाही. बायकोने, रखमाने, दोनदा विचारल्यावर त्याने दोन्ही गाठी सांगून टाकल्या. तिने मोदकांचं भांडं झाकलं.

"रॉकेट म्हंजे काय लेंगो आसा, नाडी सुटली नि खाली इलो?"

तो हसला नाही. तेव्हा ती म्हणाली, "मगे जावा नि सांगा. कायम नाय झालास तरी चलात. अशे बसा नुको."

दुसऱ्या दिवशी त्याने वसंतरावांना गाठून सांगितलं, की रॉकेट माझ्यामुळे पडलं. वसंतरावांनी चष्मा काढला.

"एप्रिलचं कापड सप्टेंबरात उडत नसतं, दत्ताराम. दोन वर्षं तर नुसत्या तपासण्या. तुमचा तागा मागे कपाटात आहे."

रॉकेट कशाने पडलं ते पुढे वर्तमानपत्रात आलं. संगणकाच्या आज्ञावलीत चूक होती. कापडाचा उल्लेख नव्हता.

पण तागा होता आणि तो कधीतरी उडणार होता. दत्ताराम हटेना. दोघांनी तो लांब टेबलावर उलगडला. वसंतराव दुपारपर्यंत भिंग घेऊन वाकले, त्यांना काही सापडेना. मग दत्तारामने डोळे मिटले आणि बोटं फिरवली. एका जागी थांबला. चार हात पुढे पुन्हा थांबला. वसंतरावांनी तिथे भिंग धरलं, दिवा धरला. कापडच दिसलं.

"लिवा साहेब. बारा पुन्यांदा विणीन."

"काय लिहू? भिंगातून दिसेल तो दोष. मला दिसत नाही."

"मी सांगतोय ना."

"तुम्ही अर्धकुशल. तुमच्या बोटांना रकाना नाही."

नियमाप्रमाणे तागा नापास करता येत नव्हता. पास करून रॉकेटला द्यायला वसंतरावांचं मन धजेना. दोन दिवस विचार करून त्यांनी तिसरी वाट काढली. प्रत्येक शेडमध्ये एक तागा तुलनेसाठी ठेवावा लागे आणि तो कधीच उडत नसे. अकरावा तागा तिथे गेला. पास झालेल्यांत तो मोजला गेला, बारावाही उतरला, आणि दिवाळीआधी दत्ताराम कायम झाला. हुद्दा: अर्धकुशल.

तागा अजून काचेच्या कपाटात आहे. नवे विणकर आले की आधी त्यांना त्याच्यापुढे उभं करतात. चिठ्ठीवर टंकलेलं आहे: ‘निर्दोष कापडाचा प्रमाण नमुना. तागा क्र. ११. दोष: निरंक.’

त्यात दोन गाठी आहेत.