ब्रेकचं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यंत्राच्या तेलाचा वास आला की मला खामगावचं आमचं अंगण दिसतं. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या गोऱ्या साहेबानं जाताना टाकून दिलेली दोन माणसांची, बिनछपराची विलायती मोटार माझ्या थोरल्या भावानं बैल लावून घरी ओढून आणली होती. तिच्यात कोंबड्या अंडी घालत. कामावरून आला की भाऊ तिच्याखाली शिरायचा आणि वहिनी ओरडायची, "जेवाले येता, का ताट गाडीखालीच सारू?" शेवटी फक्त ब्रेकचं तेल तेवढं राहिलं. ते आणायला त्यानं मला डबा देऊन अकोल्याला धाडलं. मी कंटाळा केला, गावातच सिनेमाला बसलो, आणि तेल ते तेल म्हणून जिनिंगमधलं यंत्राचं तेल डब्यात भरून आणलं. "अकोल्याचंच हाय न बे?" "हाव, भाऊ." त्या तेलानं ब्रेकची रबरं फुगून निकामी होतात हे मला ठाऊक नव्हतं, पण आपण खोटं बोललो, हे ठाऊक होतं. थोडे दिवस मोटार झकास पळाली. मग नांदुऱ्याच्या रस्त्यावर कापसाची बैलगाडी आडवी आली आणि ब्रेक लागलेच नाहीत. दवाखान्यात प्राण जाण्याआधी भाऊ एवढंच म्हणाला, "माह्याच हातून कायतरी राह्यलं." मी उशाशीच उभा होतो. आता माझेही केस पिकले. विषय निघाला की वहिनी अजून त्याच्या हातांना दोष देते. त्याचे हात चुकले नव्हते, हे तिला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.